एका डोळ्याची शस्त्रक्रिया, साऱ्या घराण्याचा रोग

डोळ्याचा पडदा सरकला, रोग्याला वेळेत शहरातील मोठ्या रुग्णालयात हलविले, शल्यज्ञाने आपले कौशल्य पणास लावून तो पडदा पुन्हा जागेवर बसविला आणि पट्टी सुटल्यावर रोग्याला समोरची माणसे दिसू लागली, म्हणजे इलाज पुरा झाला, अशी सर्वसामान्य समजूत आहे. ही समजूत केवळ रोग्याच्या नातलगांची नाही; वैद्यकीय व्यवसायही आपल्या यशापयशाचा निवाडा करताना बहुधा पडदा बसला की नाही एवढ्याच प्रश्नापाशी थांबतो. वयपरत्वे डोळ्यातील काचाभ द्रव आकसल्यामुळे ज्यांचे दृष्टिपटल फाटते, अशा पन्नाशी-साठीच्या रोग्यांपुरती ती बऱ्याच अंशी रास्तही आहे. परंतु ज्याच्या शरीरातील संयोजी ऊतकच जन्मतः सदोष आहे, ज्याचा दोष मातेकडून अथवा पित्याकडून वारशाने आला आहे आणि ज्याच्या भावंडांत व अपत्यांतही तो असण्याचा पुरेपूर संभव आहे, अशा रोग्याला हीच समजूत लागू करणे ही गंभीर चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे: आनुवंशिक संयोजी ऊतकदोषाच्या रोग्यात दृष्टिपटलाचे सुटणे हा डोळ्याचा आकस्मिक अपघात नसून एका व्यापक शरीरदोषाचे ते एक प्रकटीकरण आहे, म्हणून सुटलेले पटल बसविणे, दुसऱ्या डोळ्याचे रक्षण करणे आणि रक्ताच्या नातलगांची तपासणी करणे ही तिन्ही कामे मिळून एकच उपचार होतो, आणि यांतील शेवटची दोन कामे ज्या व्यवस्थेत कोणाच्याच अंगावर नाहीत, त्या व्यवस्थेने शस्त्रक्रिया अर्धीच केली असे मानले पाहिजे. या विधानाच्या समर्थनार्थ मी मुख्यतः स्टिकलर सिंड्रोम या विकाराचा दाखला घेणार आहे. कारण वारशाने येणाऱ्या दृष्टिपटल-विलगीकरणाचे ते सर्वांत ठळक आणि सर्वांत अधिक अभ्यासिलेले उदाहरण आहे.

१. गोनँ यांचा सिद्धान्त आणि त्याची हद्द

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत दृष्टिपटल सुटले म्हणजे तो डोळा गेला असेच गृहीत धरले जाई. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील नेत्रतज्ज्ञ ज्यूल गोनँ यांनी हे गृहीत मोडले. पटलाला पडलेले छिद्र किंवा चीर हेच रोगाचे मूळ आहे, त्या चिरेतून द्रव पटलामागे शिरतो आणि ती चीर नेमकी हुडकून डाग देऊन बंद केली की पटल पुन्हा आपल्या जागी चिकटते, हे त्यांनी १९२० च्या दशकात प्रत्यक्ष शस्त्रक्रियांच्या आधारे दाखवून दिले. त्यानंतरची सारी प्रगती याच पायावर झाली आहे. कुस्टोडिस यांनी १९४९ मध्ये श्वेतपटलाला बाहेरून दाब देणारी बकलची पद्धत आणली. शेपेन्स यांनी दोन्ही डोळ्यांनी पाहता येणारा इंडायरेक्ट ऑप्थॅल्मोस्कोप सिद्ध करून पटलाचा पार कडेचा प्रदेश शल्यज्ञाच्या दृष्टीच्या टप्प्यात आणला. १९७० च्या सुमारास माखेमर यांनी डोळ्याच्या आत शिरून काचाभ द्रव कापून काढण्याची व्हिट्रेक्टमी रूढ केली. आणि १९८० च्या दशकात स्टॅन्ली चँग यांनी पाण्याहून जड असलेल्या परफ्लुरोकार्बन द्रवाच्या साहाय्याने दुमडलेले पटल उलगडण्याची युक्ती दिली.

या परंपरेविषयी कृतज्ञता बाळगूनही तिची हद्द ओळखणे अगत्याचे आहे. गोनँ यांच्या सिद्धान्ताने 'चीर कोठे आहे' या प्रश्नाचे उत्तर दिले. 'चीर का पडली' हा प्रश्न त्याने विचारलाच पाहिजे असे नव्हते, कारण बहुसंख्य रोग्यांच्या बाबतीत वय, मोतीबिंदूची पूर्वीची शस्त्रक्रिया, मार लागणे किंवा चष्म्याचा मोठा मायनस नंबर एवढी कारणे पुरेशी असत. मात्र आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे पटल कसलाही मार न लागता सुटते, तेव्हा हा प्रश्न टाळणे म्हणजे रोगाच्या नावाखाली रोगाचे लक्षण नोंदवून दफ्तर बंद करणे होय.

२. दोष कोठे आहे

१९६० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये गुन्नर स्टिकलर या बालरोगतज्ज्ञांसमोर बारा वर्षांचा एक मुलगा आला. त्याच्या अनेक सांध्यांची हाडे वाढलेली होती, त्याला अतिशय लघुदृष्टी होती आणि त्याची आई पूर्णतः आंधळी होती. चौकशी करता असे आढळले की याच घराण्यातील आणखीही माणसांना असाच त्रास असून त्यांतील पहिल्या व्यक्तीच्या तपासणीची मेयो यांच्याकडील नोंद १८८७ इतकी जुनी आहे. सत्तर वर्षांहून अधिक काळ एकाच वैद्यकीय परंपरेच्या नजरेखालून एक घराणे जात होते, त्यांतील कोणाचे डोळे जात होते, कोणाचे सांधे झिजत होते, आणि तरीही या सर्व तक्रारी एकाच दोषाच्या आहेत हे सांगणारा निबंध प्रसिद्ध व्हावयास १९६५ साल उजाडावे लागले. अवयवागणिक रोग वाटून घेणारी दृष्टी कुशल माणसांच्या हातूनही केवढी गोष्ट निसटू देते, याचा याहून बोलका पुरावा शोधण्याचे कारण नाही.

पुढे जनुकशास्त्राने या दोषाचे मूळ उघड केले. बहुसंख्य रोग्यांत बाराव्या गुणसूत्रावरील सीओएल२ए१ या जनुकात बिघाड असतो. हे जनुक दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनचा आराखडा पुरविते. या कोलॅजेनचे तंतू काचाभ द्रवाला घट्टपणा देतात आणि तेच सांध्यांतील कूर्चेलाही बळ देतात. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी झाली की निर्दोष कोलॅजेन निम्म्याच प्रमाणात तयार होते. परिणामी गर्भावस्थेतच काचाभ द्रवाची घडण बिघडते आणि नेत्रमण्यामागे त्याचा एक सुरकुतलेला पापुद्रा तेवढा उरतो. जन्मापासूनची तीव्र लघुदृष्टी, टाळूला फट, लहान हनुवटी, ऐकू कमी येणे, तरुणपणीच सांधे दुखू लागणे आणि पटलाला प्रचंड चिरा पडण्याची प्रवृत्ती, ही सर्व त्या एकाच उणिवेची निरनिराळी रूपे आहेत. दुसऱ्या एका प्रकारात पहिल्या गुणसूत्रावरील सीओएल११ए१ हे जनुक बिघडलेले असते. त्यात काचाभ द्रवाचे स्वरूप मण्यांच्या माळेसारखे गाठीगाठींचे दिसते आणि बधिरता अधिक ठळक असते. स्लिट लॅम्पखाली काचाभ द्रवाचे हे रूप काळजीपूर्वक पाहिले तर जनुकपरीक्षा करण्यापूर्वीच रोगाचा प्रकार पुष्कळदा ओळखता येतो. केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स रुग्णालयातील मार्टिन स्नीड व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रदीर्घ कार्याचे हे एक मोठे फळ आहे.

भिंत बांधतानाच चुना कमी पडला असेल, तर एका जागचा पडलेला गिलावा कितीही सफाईने लिंपला तरी उरलेल्या भिंतीची हमी गवंड्याला देता येत नाही. दृष्टिपटलाच्या बाबतीत हा न्याय तंतोतंत लागू पडतो: जी उणीव उजव्या डोळ्यात आहे तीच डाव्या डोळ्यात आहे, आणि जी या मुलात आहे ती त्याच्या बहिणीत असण्याची शक्यता निम्मी आहे, कारण हा दोष प्रबल रीतीने संक्रमित होतो व दोषी जनुक असलेल्या माता अथवा पित्याच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याचा संभव दोनास एक असा असतो.

३. शल्यज्ञासमोरील अडचणी

शस्त्रक्रियेच्या टेबलावर हा शरीरदोष पावलोपावली आडवा येतो, आणि म्हणूनच केवळ 'उत्तम शल्यज्ञ गाठला की झाले' हा विश्वास अपुरा ठरतो. या अडचणी क्रमाने पाहणे इष्ट आहे.

पहिली अडचण चिरेच्या आकाराची. पटलाच्या घेराच्या एक चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग व्यापणाऱ्या चिरेला महाचीर म्हणता येईल. स्टिकलरच्या रोग्यांत अशा महाचिरा वारंवार आढळतात आणि त्या पटलाच्या अगदी कडेशी पडतात. अशा वेळी पटलाची कड मोकळी होऊन आतल्या बाजूस दुमडते, आणि ते उलगडून सपाट करण्यासाठी जड द्रव, लेसर, आणि नंतर वायू अथवा सिलिकॉन ऑईल यांचा आधार घ्यावा लागतो.

दुसरी अडचण काचाभ द्रवाच्या चिकटपणाची. वृद्धांत हा द्रव पटलापासून आपोआप सुटलेला असतो. लहान मुलांत तो पटलाला घट्ट धरून असतो, आणि सदोष असूनही त्याचा मागचा थर सोलून काढताना नव्या चिरा पडण्याचे भय असते. तो अपुरा काढला तर त्याच्या आधाराने पेशींचे पापुद्रे वाढतात, आकसतात आणि बसविलेले पटल पुन्हा ओढून काढतात. शस्त्रक्रिया फसण्याचे हेच सर्वांत मोठे कारण आहे, आणि लहान वयात ही प्रतिक्रिया अधिक जोरकस असते.

तिसरी अडचण उशिराची. मोठ्या माणसाला डोळ्यापुढे ठिणग्या, तरंगते काळे ठिपके किंवा एका बाजूने उतरणारी सावली जाणवते व ते तो सांगू शकतो. मुलाला एका डोळ्याने दिसेनासे झाले तरी दुसऱ्या डोळ्यावर त्याचे व्यवहार चालतात. घरच्यांच्या लक्षात येईतो पीतबिंदू सुटलेला असतो आणि सूक्ष्म दृष्टीची हानी बरीचशी कायमची झालेली असते.

चौथी अडचण डोळ्याबाहेरची आहे. लहान जबडा आणि दुभंगलेली टाळू यांमुळे भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे बिकट होते. मार्फान सिंड्रोम या दुसऱ्या संयोजी ऊतकदोषात, जेथे पंधराव्या गुणसूत्रावरील फायब्रिलिनचे जनुक बिघडलेले असते, महारोहिणी रुंदावलेली असण्याचा संभव असल्याने हृदयाची प्रतिध्वनी-तपासणी केल्यावाचून भूल देणे धोक्याचे असते. त्या रोग्याचा नेत्रमणी जागचा सरकलेला असतो, बाहुली पुरती विस्फारत नाही आणि श्वेतपटल पातळ असते, ते निराळेच. स्टिकलरचा रोगी पुष्कळदा कमी ऐकतो. त्याचा डोळा पट्टीखाली गेला की ओठांच्या हालचालीवरून बोलणे समजून घेण्याचा आधारही डळमळतो, आणि मान खाली घालून निजण्याची जी शिस्त वायू भरल्यानंतर पाळावयाची असते ती त्याला समजावून सांगणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसते.

पाचवी अडचण नंतरच्या काळाची. सिलिकॉन ऑईल डोळ्यात फार काळ राहिले तर मोतीबिंदू होतो, डोळ्याचा दाब वाढतो, पारपटल धूसर होऊ शकते. ते काढले तर पटल पुन्हा सुटण्याची भीती असते. म्हणजे एक शस्त्रक्रिया म्हणून जिचा आरंभ होतो ती बहुधा शस्त्रक्रियांची मालिका ठरते, आणि तीही त्या वयात, जेव्हा मुलाची शाळा व दृष्टीची घडण या दोन्ही गोष्टी व्हावयाच्या असतात.

४. यशाचे माप कोणते

या अडचणी ध्यानात घेतल्यावर यशाची मोजमापे बदलली पाहिजेत हे ओघानेच येते. सर्वसाधारण रोग्यांत पहिल्याच शस्त्रक्रियेने दहापैकी आठ-नऊ जणांचे पटल बसते, असा अनुभव आहे. तोच मापदंड येथे लावला, तर ज्या मुलाचा एक डोळा तीन शस्त्रक्रियांनंतर कसाबसा बसला आणि दुसरा डोळा चार वर्षांनी अचानक गेला, त्याची पहिली शस्त्रक्रिया 'यशस्वी' या सदरात जमा होते. हिशेबाची ही रीत रोग्याच्या आयुष्याशी इमान राखत नाही. रोगी एका डोळ्याने जगत नाही, तद्वत तो सहा महिन्यांच्या मुदतीपुरताही जगत नाही.

म्हणून मी तीन कसोट्या सुचवितो. पहिली, शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यात उपयोगी पडेल अशी दृष्टी टिकली काय. दुसरी, दुसरा डोळा अबाधित राहिला काय, आणि तो राहावा म्हणून काय तजवीज झाली. तिसरी, रोग्याच्या माता-पित्यांची, भावंडांची व अपत्यांची बाहुल्या विस्फारून तपासणी झाली काय, आणि तिचे निष्कर्ष कोठे नोंदले गेले. पहिल्या कसोटीचे उत्तर पुष्कळदा शल्यज्ञाच्या हाती नसते. रोगी त्याच्यापर्यंत पोहोचतो तेव्हाच ते बरेचसे ठरून गेलेले असते. दुसऱ्या व तिसऱ्या कसोटीचे उत्तर मात्र पूर्णतः माणसाच्या स्वाधीन आहे, आणि त्याच कसोट्यांची आपण सर्वांत कमी विचारणा करतो.

५. दुसऱ्या डोळ्याविषयीचा पुरावा

दुसऱ्या डोळ्याचे रक्षण ही केवळ सदिच्छा नाही. त्यासाठी एक निश्चित पद्धत उपलब्ध आहे. स्टिकलरमधील महाचिरा पटलाच्या कडेलगत पडतात या निरीक्षणावरून केंब्रिजच्या मंडळींनी त्या कडेला सर्व घेरभर, खंड न पाडता, अतिशीत क्रायोच्या डागांची एक सलग रांग देण्याचा परिपाठ ठरविला. लहान मुलांत ही क्रिया पूर्ण भूल देऊन करतात. चीर पडण्यापूर्वीच त्या जागी पटल पाठीमागच्या थराशी घट्ट जोडले जावे, हा तिचा हेतू.

या परिपाठाचा हिशेब त्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्या प्रकारच्या स्टिकलरच्या ४८७ रोग्यांचा त्यात विचार होता. दोन्ही डोळ्यांना प्रतिबंधक उपचार मिळालेल्यांच्या तुलनेत उपचार न मिळालेल्यांत विलगीकरणाचा धोका ७.४ पट होता. वय व निरीक्षणाचा काळ यांची जुळणी करून तुलना केली असताही तो सुमारे ५ पट राहिला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाचा भाग पुढे आहे. ज्यांचा एक डोळा आधीच सुटला होता अशा रोग्यांत, उरलेल्या डोळ्याला उपचार न मिळाल्यास त्याचा धोका उपचार मिळालेल्यांच्या १०.३ पट आढळला. जुळणी केल्यावर ८.४ पट. एका डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात आलेला मुलगा म्हणजे नेमका या गटातला रोगी. त्याला दुसऱ्या डोळ्याच्या निर्णयावाचून घरी धाडणे म्हणजे सर्वांत मोठ्या धोक्याच्या रोग्याकडे सर्वांत कमी लक्ष देणे होय.

६. आक्षेप आणि त्यांचा विचार

पहिला आक्षेप पुराव्याच्या दर्जाविषयी आहे. हे अभ्यास पूर्वलक्षी आहेत, यादृच्छिक चाचणी झालेली नाही, आणि एकाच केंद्राच्या अनुभवावरून सार्वत्रिक नियम बांधणे घाईचे आहे, असे काही विचारवंत नेत्रतज्ज्ञ म्हणतात. आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्यातले तथ्य मी मान्य करतो. पूर्वलक्षी तुलनेत रोग्यांची निवड निकालावर परिणाम करू शकते, आणि जुळणीनंतर ७.४ चा आकडा ५ वर उतरला हे त्याचेच द्योतक आहे. तथापि पुरावा अपूर्ण असणे आणि पुरावा नसणे यांत अंतर आहे. रोग दुर्मीळ, परिणाम अंधत्व, आणि आढळलेला फरक कित्येक पटींचा, अशा स्थितीत एका गटाला मुद्दाम उपचारावाचून ठेवणाऱ्या चाचणीची वाट पाहणे हाही एक निर्णयच आहे व त्याची किंमत विशिष्ट मुले मोजतात. आक्षेपाचा योग्य निष्कर्ष एवढाच की हा उपचार सांगताना त्याच्या पुराव्याच्या मर्यादा पालकांना मोकळेपणाने सांगाव्यात, आणि क्रायो अथवा लेसर यांपैकी जे केले त्याचा वर्षानुवर्षांचा हिशेब प्रत्येक केंद्राने ठेवावा.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे: निरोगी डोळ्यावर उपचार करणे हे अपाय न करण्याच्या वैद्यकीय ब्रीदाशी विसंगत नाही काय? याचे उत्तर या लेखाच्या दुसऱ्या विभागातच आले आहे. त्या डोळ्यात आज चीर नसली तरी तो निरोगी नाही. त्याचा काचाभ द्रव गर्भावस्थेपासूनच विकृत आहे आणि त्याच्या जोडीच्या डोळ्याने पुढील वाटेची साक्ष दिलेली आहे. मात्र ज्या रोग्याचे निदान अनिश्चित आहे, ज्याला केवळ मोठा चष्मा आहे, त्याच्यावर हाच परिपाठ सरसकट लादणे चूक ठरेल. म्हणूनच निदानाचा आग्रह हा या सगळ्या विचाराचा कणा आहे. निदान नेमके असेल तेवढीच प्रतिबंधाची हद्द न्याय्य राहते.

तिसरा आक्षेप असा की हा रोग विरळा. मोतीबिंदूने आंधळे होणाऱ्यांची संख्या अफाट असलेल्या देशाने अशा चैनीच्या विचारात का पडावे? अंदाजे ७,५०० ते ९,००० नवजातांमागे एक, असे स्टिकलरचे प्रमाण सांगतात. भारतासारख्या देशात याचा अर्थ दरसाल हजारो मुले असा होतो. शिवाय १९७६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचा मुख्य भर मोतीबिंदूवर राहिला हे योग्यच असले, तरी सत्तराव्या वर्षी आलेले आणि शस्त्रक्रियेने फिटणारे आंधळेपण व आठव्या वर्षी आलेले आणि कशानेही न फिटणारे आंधळेपण यांची गणना नुसत्या माणशी संख्येने करता येत नाही. खर्चाचा प्रश्न विचाराल, तर दहा नातलगांच्या बाहुल्या विस्फारून केलेली तपासणी ही महाचिरेवरील एका शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. जनुकपरीक्षा महाग पडते तेथेही कौटुंबिक वृत्तान्त, स्लिट लॅम्प, कानांची परीक्षा आणि टाळूवरून फिरविलेली नजर यांना पैसा लागत नाही.

चौथा आक्षेप आपल्या समाजाचा आहे आणि तो सर्वांत नाजूक आहे. घराण्यात आनुवंशिक दोष आहे असे एकदा कागदावर आले की मुलीचे लग्न जमणार नाही, सुनेवर बोल येईल, आणि ज्या आईकडून दोष आला असेल तिचे घरात जगणे कठीण होईल, या भीतीने पुष्कळ कुटुंबे वृत्तान्त लपवितात. ही भीती निराधार नाही. तिला हसण्याचा वा झिडकारण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु लपविल्याने दोष लपत नाही. ज्या मुलीच्या लग्नासाठी रोगाचे नाव दडपले जाते, तिचाच डोळा संसारात पडल्यावर सुटतो, आणि मग नाव न घेतलेला रोग अधिक क्रूर रीतीने उघडा पडतो. काही कुटुंबांत तर जनुकाच्या दुसऱ्या खंडात बिघाड असतो. हा खंड काचाभ द्रवाच्या कोलॅजेनमध्ये राहतो व कूर्चेच्या कोलॅजेनमधून वगळला जातो, त्यामुळे त्या माणसांचे सांधे, टाळू, चेहरा यांत काहीच वावगे दिसत नाही. वरून धडधाकट असणे ही त्यांच्या बाबतीत निर्धोकपणाची हमी नव्हे. आपल्याकडील मामे-आते भावंडांच्या विवाहाच्या चालीमुळे, अप्रबल रीतीने येणारे, कोलॅजेनच्या नवव्या प्रकाराशी संबंधित असे स्टिकलरचे विरळ प्रकारही डॉक्टरांनी ध्यानात ठेवणे जरूर आहे. तेव्हा उत्तर एकच: माहिती गोपनीय ठेवण्याची कडक शिस्त, दोषारोपाला थारा न देणारा सल्ला, आणि आईबापांना स्पष्टपणे सांगितलेले सत्य की जनुक कोणी निवडून दिलेले नसते.

७. आपल्या व्यवस्थेत काय करता येईल

या विचाराला व्यवहाराचे रूप देण्यासाठी नवे खाते उघडण्याची जरूर नाही. २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमान्वये फिरती वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन सहा आठवड्यांपासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. ज्या विकारांची त्यांनी नोंद घ्यावयाची आहे त्यांत दुभंगलेले ओठ व टाळू, जन्मजात बधिरता आणि दृष्टिदोष या तिन्हींचा समावेश आहे. म्हणजे स्टिकलरच्या मुलाची तीन लक्षणे सरकारी नमुन्यात आधीच छापलेली आहेत; मात्र ती तीन निरनिराळ्या रकान्यांत आहेत, आणि त्यांचे तीन निरनिराळे रस्ते तीन निरनिराळ्या तज्ज्ञांकडे जातात. टाळूची फट शिवली जाते, कानाला यंत्र बसते, चष्म्याचा नंबर लिहून मिळतो. आणि या तिन्हींचे मूळ एक असू शकेल असा प्रश्न विचारण्याचे काम कोणाच्याच यादीत नसते.

म्हणून चार उपाय सुचवितो. टाळूला फट अथवा लहान हनुवटी असलेल्या प्रत्येक बालकाची, आणि जन्मतः मोठा मायनस नंबर असलेल्या प्रत्येक बालकाची, बाहुल्या विस्फारून दृष्टिपटलाची तपासणी व्हावी, आणि तिची मुदत पथकाने ठरवून द्यावी. जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रांतील परिचारिकेने घरचा वृत्तान्त तीन पिढ्यांचा लिहून घ्यावा. दृष्टिपटलाची शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक तरुण रोग्याच्या घरी जाण्याच्या कागदावर दुसऱ्या डोळ्याविषयीचा निर्णय आणि तपासावयाच्या नातलगांची यादी या दोन गोष्टी लिहिल्यावाचून तो कागद पुरा समजला जाऊ नये. आणि मदुराई, हैदराबाद, चेन्नई येथील ज्या मोठ्या नेत्रसंस्थांकडे महाराष्ट्रातूनही रोगी जातात त्यांनी, व राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांनी, अशा कुटुंबांची एक सामाईक नोंदवही ठेवावी, म्हणजे एका गावात तपासलेल्या आजीची नोंद दुसऱ्या शहरात शस्त्रक्रिया झालेल्या नातवाच्या उपयोगी पडेल.

निष्कर्ष

एतावता जे सिद्ध झाले ते असे. आनुवंशिक संयोजी ऊतकदोषात दृष्टिपटलाची चीर ही परिणाम आहे, मूळ नव्हे. तिच्यावरील शस्त्रक्रिया असाधारण कठीण आहे आणि उत्तम हातांनीही ती पुष्कळदा अपुरी पडते. याउलट, दुसरा डोळा व पुढचे अपत्य यांना वाचविण्याचे साधन तुलनेने सोपे आहे, फक्त ते वेळेवर आणि नेमक्या माणसावर वापरावे लागते. कठीण काम मन लावून करावयाचे आणि सोपे काम कोणाचेच नाही म्हणून सोडून द्यावयाचे, ही रीत शास्त्राला शोभणारी नाही आणि दयेलाही.

ज्या वाचकाच्या घरात लहानपणापासून मोठा चष्मा असलेले मूल आहे, ज्याच्या नात्यात कोणाचा पडदा तरुणपणी सुटला आहे, टाळूची फट शिवलेली आहे, कमी ऐकू येते किंवा चाळिशीच्या आत सांधे झिजले आहेत, त्याने या गोष्टी एकाच कागदावर लिहून नेत्रतज्ज्ञापुढे ठेवाव्यात आणि मुलाच्या दोन्ही दृष्टिपटलांची कडेपर्यंत तपासणी मागावी. आणि ज्या डॉक्टरांपुढे तो कागद येईल त्यांनी, समोरच्या डोळ्याचा इलाज करतानाच दाराबाहेर बसलेल्या भावंडांनाही आत बोलवावे.